अतिरेक चीवर आणि परमुलखातील दान

शिक्षण, नोकरी अथवा बदली या निमित्ताने आपला प्रदेश सोडून परक्या भाषेच्या आणि परक्या चालीरीतींच्या मुलखात राहणारी बौद्ध कुटुंबे आता सर्वत्र आढळतात. नाशिकमधील एखाद्या घरातील मुलगा बंगळूरला असतो, तर मुलगी लंडनला किंवा टोकियोला असते. परमुलखात राहणाऱ्या माणसाभोवती दोन-तीन वर्षांत वस्तू साचतात. थंडीचे कपडे, भांडी, पुस्तके, गाद्या, मुलांचे अंगाला न येणारे कपडे असा पसारा वाढत जातो. आणि मुक्काम हलविण्याची वेळ आली की त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. बरोबर नेणे परवडत नाही, टाकून देणे मनाला पटत नाही, आणि कोणाला द्यावे तर त्या समाजात देण्याघेण्याची रीत कोणती हे ठाऊक नसते.

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती आहे. परंतु पालि विनयपिटकाने त्याचा अत्यंत बारकाईने विचार केलेला आहे. शिवाय, परमुलखातून आलेल्या माणसांनी या भूमीवर काय दिले आणि कसे दिले, याचे कोरीव पुरावे नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर आजही वाचावयास मिळतात. प्रस्तुत लेखात या दोन आधारांवर एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे: आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला देणे हे दान केव्हा ठरते आणि केव्हा ठरत नाही? इतरांनी टाकलेल्या वस्तूंवर जगण्याची सक्ती ज्यांच्या पूर्वजांवर शतकानुशतके होती, त्या आपल्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर निष्काळजीपणे देता येणार नाही.

गरज किती आणि ती कोण ठरविणार?

अमुक वस्तू गरजेपेक्षा जास्त आहे असे म्हणण्यापूर्वी गरज निश्चित करावी लागते. महावग्गाच्या चीवरक्खंधकात या संबंधीची कथा येते. राजगृहाहून वैशालीस जात असताना भगवान बुद्धांनी काही भिक्खूंना डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर चीवरांची गाठोडी वाहून नेताना पाहिले. वैशालीच्या गोतमक चैत्यात, ऐन हिवाळ्याच्या रात्री, भगवान स्वतः उघड्यावर बसले. आरंभी एका चीवराने थंडी वाजली नाही. पहिला प्रहर संपताना थंडी वाजली, तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर संपताना तिसरे आणि शेवटचा प्रहर संपताना चौथे. या अनुभवावरून त्यांनी दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक अशा तीन चीवरांची मर्यादा घालून दिली. ही मर्यादा त्यांनी स्वतःच्या शरीरावर पारखून घेतली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मात्र मध्यदेशात ठरलेले माप सर्व मुलखांना जसेच्या तसे लागू करण्याचा आग्रह बुद्धांनी धरला नाही. महावग्गाच्या चम्मक्खंधकात सोण कुटिकण्ण याची कथा आहे. अवंती-दक्षिणापथ हा त्या काळी बौद्ध संघाच्या दृष्टीने सीमेवरचा प्रदेश होता. तेथे धम्मकार्य करणाऱ्या महाकच्चान स्थविरांनी सोणाच्या हाती भगवंतांकडे पाच विनंत्या पाठविल्या. तिकडे भिक्खूंची संख्या कमी असल्याने पाच जणांच्या संघाने उपसंपदा देण्याची मुभा असावी. तिकडची जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली असल्याने अनेक तळांच्या वहाणा चालाव्यात. तिकडच्या लोकांना स्नानाचे महत्त्व असल्याने नित्य स्नान करू द्यावे. तेथे मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी अंथरण्याची चाल असल्याने ती वापरू द्यावी. पाचवी विनंती चीवराविषयी होती. सीमेबाहेर गेलेल्या भिक्खूसाठी कोणी चीवर दिले, तर त्याची मुदत केव्हापासून मोजावी? भगवंतांनी पाचही विनंत्या मान्य केल्या. आणि चीवर प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत दिवस मोजू नयेत, असे सांगितले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील आशय मोलाचा आहे. परमुलखात राहणाऱ्याने तेथील माती, हवा आणि लोकरीत पाहून आपली गरज ठरवावी. नाशिकला निरुपयोगी ठरणारा लोकरी अंगरखा परदेशातील हिवाळ्यात चैनीची वस्तू नसतो; आणि तोच अंगरखा परत येताना ओझे होतो. वस्तू तीच राहते, मुलूख बदलताच तिची गरज बदलते.

दहा दिवसांची मुदत

पातिमोक्खातील निस्सग्गिय पाचित्तिय या वर्गाचा पहिलाच नियम अतिरेक चीवराचा आहे. अतिरेक चीवर म्हणजे नेमून दिलेल्या तीन चीवरांहून अधिक असलेले, रीतसर दुसऱ्याच्या नावे न केलेले वस्त्र. असे वस्त्र भिक्खूने जास्तीत जास्त दहा दिवस जवळ ठेवावे. त्यानंतर ते त्याने संघापुढे सोडून द्यावे. 'निस्सग्गिय' या शब्दाचा अर्थच 'सोडून देण्याजोगे' असा होतो.

ही मुदत दहाच दिवसांची का? त्याचे उत्तर नियमाच्या उत्पत्तिकथेत आहे. आयुष्मान आनंदांना एक जास्तीचे चीवर मिळाले. ते सारिपुत्तांना द्यावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु सारिपुत्त त्या वेळी साकेत येथे होते. आनंदांनी ही अडचण भगवंतांना सांगितली. सारिपुत्त केव्हा येणार, असे भगवंतांनी विचारले. नवव्या किंवा दहाव्या दिवशी, असे आनंदांनी उत्तर दिले. तेव्हा अतिरेक चीवर दहा दिवस ठेवण्याची अनुज्ञा मिळाली. अर्थात, ही सवलत साठविण्याकरिता नव्हती. ज्याला ते वस्त्र द्यावयाचे आहे, तो येऊन पोहोचेपर्यंतची ती मुदत होती.

उपासकांना पातिमोक्खाचे नियम लागू नाहीत. परंतु त्यामागील विचार त्यांना घेता येतो. वस्तू आपल्या उपयोगाची राहिली नाही हे ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून ती कोणाकडे जावयाची आहे याचा विचार सुरू झाला पाहिजे. परदेशातील मुक्काम संपण्याच्या आदल्या रात्री घाईघाईने दारोदार वाटलेल्या वस्तूंमध्ये आणि चार आठवडे आधी, घेणाऱ्याची गरज विचारून दिलेल्या वस्तूंमध्ये मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात आपण आपली अडचण दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतो.

जुन्या वस्त्राचा प्रवास

चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात कोसंबीचा राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे उत्तरासंग दिले. एवढ्या वस्त्रांचा हा श्रमण काय व्यापार करणार आहे की काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी शांतपणे सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशा भिक्खूंना ही वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय होणार? त्यांच्या पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी होतील, जुन्या खोळींची बैठकीची जमखाने होतील, त्यांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी; आणि शेवटी ती फडकी कुटून, चिखलात मळून त्यांनी जमीन सारविली जाईल. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

महाराष्ट्रातील वाचकाला ही साखळी परकी वाटणार नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आणि गोधडी विटल्यावर तिचे पोतेरे हा आपल्या आजी-आईंचा नित्याचा व्यवहार होता. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देत असे. त्या व्यवहारात घासाघीस होती, पण देणारी आणि घेणारी दोघीही समोरासमोर बसून सौदा करीत. कोणी कोणाचे उपकार घेत नसे.

आनंदांच्या उत्तरात आणखी एक मर्म आहे. नवे वस्त्र प्रथम माणसाच्या अंगावर जाते. जमिनीवर ते सर्वांत शेवटी येते. आपल्या विहारांत कधी कधी याच्या उलट दृश्य दिसते. घरात मोडलेली खुर्ची, पाने गळालेले पुस्तक, न चालणारा पंखा 'विहाराला दान' म्हणून येतो. अशी वस्तू विहारात पोहोचते तेव्हा तिचा प्रवास आधीच संपलेला असतो.

टाकाऊ वस्तू आणि स्वाभिमान

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो बेपर्वाईने देतो, अनादराने देतो, स्वतःच्या हाताने देत नाही, टाकाऊ ते देतो, आणि फळ येईल असा विचार न ठेवता देतो. यातील चौथ्या लक्षणासाठी 'अपविद्ध' हा शब्द आहे. फेकून दिलेले, असा त्याचा अर्थ. त्याच ठिकाणी पुढे सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे येतात: श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने, आणि स्वतःला व दुसऱ्याला इजा न पोहोचविता दिलेले दान. बुद्धघोषाचार्यांनी सुमंगलविलासिनीत दात्यांचे तीन प्रकार केले आहेत. स्वतः चांगले वापरून दुसऱ्याला हलके देणारा तो दानदास, स्वतः वापरतो तसेच देणारा तो दानसहाय, आणि स्वतः साधे वापरून दुसऱ्याला चांगले देणारा तो दानपती.

'दुसऱ्याला इजा न पोहोचविता' या अटीचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, असा दंडक आहे. सेवक शूद्राला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे आणि घरातील जुने सामान द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. गावगाड्यात हा दंडक बलुत्याच्या आणि 'हक्कां'च्या नावाखाली चालत राहिला. प्रेतावरचे कापड आणि उष्टे-शिळे तुकडे हा महाराचा हक्क म्हणविला जाई. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. टाकलेले न घेणे हा आपल्या मुक्तीच्या लढ्याचा पहिला धडा होता.

येथे एक शंका निघू शकते. भिक्खूसुद्धा उकिरड्यावरचे आणि स्मशानातले कापड उचलून त्याचे चीवर करीतच असत. मग पंसुकूल चीवर आणि प्रेतावरचे कापड यांत भेद काय? भेद संकल्पाचा आहे. पंसुकूल धारण करणारा ते स्वेच्छेने उचलतो. जीवकाच्या विनंतीनंतर भगवंतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याचीही मोकळीक दिली. ज्याला पंसुकूल हवे त्याने ते घ्यावे आणि ज्याला गृहस्थांचे वस्त्र हवे त्याने ते घ्यावे. स्वतः भगवंतांनी आपले झिजलेले पंसुकूल महाकस्सपांना दिले, तेव्हा महाकस्सपांची मऊ संघाटी त्यांनी स्वीकारली होती. देणे आणि घेणे दोन्ही बाजूंनी झाले. मनुस्मृतीतील व्यवस्थेत घेणाऱ्याला निवड नव्हती. जेथे नाकारण्याची मुभा नसते, तेथे दान शिल्लक राहत नाही. टाकाऊ वस्तू देणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे: समोरच्याला 'नको' म्हणणे सोपे जाईल का?

त्रिरश्मीवरील परदेशी दाते

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबईच्या रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. तेथील २४ लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. या लेण्यांच्या दात्यांत परमुलखातून आलेल्या माणसांची नावे ठळकपणे आढळतात.

१७व्या क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्ताचे आहे. तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी असलेला योनक, म्हणजे यवन म्हणवितो. त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव आणि पुत्राचे नाव धम्मरक्खित. आई-वडिलांना उद्देशून त्याने लेणे, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी कोरविली व ती चातुर्दिश भिक्खुसंघाला अर्पण केली. दशपूरचा रहिवासी असलेला वुधिक नावाचा शक लेखक याच डोंगरावर लेणे आणि पाण्याची दोन टाकी देऊन गेला.

१०व्या क्रमांकाचे लेणे शक उषवदाताचे आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई होता. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही तेथे एक खोली दिली. उषवदाताने ब्राह्मणांनाही मोठी दाने दिल्याचे त्याचे लेख सांगतात. लेण्यासाठी केलेली त्याची व्यवस्था मात्र हिशेबाने वाचण्यासारखी आहे. ४२व्या वर्षी, वैशाख महिन्यात त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. नाशिकजवळचे गोवर्धन गाव आजही त्याच नावाने ओळखले जाते. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते; फक्त व्याज वापरावयाचे होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असा त्याचा विनियोग ठरला होता. हिशेब बरोबर जुळतो. दुसऱ्या ठेवीचे ९० कार्षापण इतर खर्चासाठी होते. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला. भिक्खूंच्या अन्नासाठी लागणारे शेतही त्याने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना रीतसर विकत घेऊन दिले.

पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मीवरील विहारातील आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अशाच अक्षयनीवी ठेवल्या. कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० आणि ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण तिने गुंतविले. तेल गाळणाऱ्या तिलपिषकांच्या श्रेणीचाही तिच्या लेखात निर्देश आहे.

या लेखांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या परक्या माणसांनी दान करताना येथील लोकांना काय हवे ते पाहिले. पाणी, चीवर, अन्न आणि औषध या त्या गरजा होत. दुसरी, त्यांनी येथील संस्थांवर विश्वास टाकला. पैसा गोवर्धनच्या विणकरांकडे आला, नोंद येथील सभेत झाली, आणि लाभ चारी दिशांच्या संघाला मिळाला. तिसरी, अशा दानासाठी लेण्यांतील लेखांत 'देयधम्म' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ 'जे दिले पाहिजे ते'. आपल्याला नकोसे झाले म्हणून दिले, असा सूर तेथे कोठेही नाही. परमुलखात राहणारा माणूस त्या मुलखाचा केवळ पाहुणा राहतो की त्याच्या सुखदुःखाचा वाटेकरी होतो, हे त्याच्या देण्याच्या पद्धतीवरून ठरते.

आचरणासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून परमुलखात राहणाऱ्या उपासक-उपासिकांनी काही गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो.

प्रथम त्या समाजाची रीत विचारून घ्यावी. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची दुकाने असतात. तेथे दिलेले कपडे व पुस्तके कमी किमतीत विकली जातात आणि उत्पन्न लोककार्याला जाते. घेणारा तेथे गिऱ्हाईक म्हणून ताठ मानेने जातो. जर्मनीत चांगल्या वस्तू खोक्यात घालून, फुकट न्याव्यात अशी चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवण्याची पद्धत आहे. जपानमध्ये मोठे सामान टाकावयाचे तर पालिकेकडे शुल्क भरावे लागते. म्हणून शेजाऱ्याला न विचारता जुने कपाट देणे म्हणजे त्याच्यावर खर्च लादणे होय. थायलंडमध्ये स्त्रिया भिक्खूंच्या हाती थेट वस्तू देत नाहीत. भिक्खू वस्त्र पसरतात आणि त्यावर दान ठेवले जाते. ही रीत आपल्याला पटो वा न पटो, पाहुण्याने तिचा मान राखावा.

दुसरे, वस्तू धुऊन, दुरुस्त करून आणि शक्यतो स्वतःच्या हाताने द्यावी. जी वस्तू आपण आपल्या भावाला देणार नाही, ती दान म्हणून देऊ नये. ती मोडीत किंवा कचऱ्यात घालण्यात कमीपणा नाही. तिला दान म्हणणे मात्र खोटेपणा आहे.

तिसरे, जेथे पुष्कळ लोक मिळून वस्तू गोळा करतात, तेथे विनयाने घालून दिलेली व्यवस्था उपयोगी पडेल. लोक चीवरे आणीत, परंतु ती घेणारा व सांभाळणारा कोणी नसे. काही उंदीर आणि वाळवी खात. म्हणून संघाने चीवर स्वीकारणारा, ठेवणारा, कोठार सांभाळणारा आणि वाटणारा असे स्वतंत्र भिक्खू नेमले. छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा आणि काय आले, काय गेले हे जाणणारा, अशी त्यांची पात्रता होती. आपल्या नगरांतील मंडळांनीही कपडे गोळा करण्यापूर्वी ही चार कामे कोण करणार ते ठरवावे.

चौथे, पुस्तकांची वेगळी काळजी घ्यावी. परदेशात जमविलेले ग्रंथ परत आणणे शक्य नसेल, तर तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, बौद्ध विहाराला किंवा पाठोपाठ येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला आधी विचारावे. नवा विद्यार्थी पहिल्या हिवाळ्यात ज्या वस्तूंवाचून अडतो, त्यांची माहिती जुन्या विद्यार्थ्यालाच सर्वांत चांगली असते. परतणाऱ्याचे अतिरेक चीवर येणाऱ्याचे पहिले चीवर व्हावे, यापेक्षा नीट व्यवस्था दुसरी नाही.

शेवटी, साचलेल्या वस्तू देऊन झाल्या म्हणजे दान पारमिता साधली, असा समज कोणी करून घेऊ नये. सामान हलके होणे ही देणाऱ्याची सोय आहे. दान तेथून पुढे, आपल्याला अजून हव्या असलेल्या वस्तूपासून सुरू होते. शेवटची वस्तू हाताबाहेर जाताना घेणाऱ्याची मान खाली गेली नसेल, तर ते देणे धम्माला धरून झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.